निजणारी बाई

चेन्नईच्या पेरुंगुडी भागातल्या निदान शंभर बायका रात्री किती वाजता आडव्या होतात, मध्ये कितीदा उठतात आणि सकाळी त्यांचं डोकं जड असतं की हलकं, हे त्यांच्या नवऱ्यांना ठाऊक नसेल, सासवांना ठाऊक नसेल, पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या अक्कांना ठाऊक आहे. अक्का रेल्वेच्या दवाखान्यातल्या लॅबमधून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात एका खासगी लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त घेऊ लागल्या. वय सदुसष्ट, उंची जेमतेम पाच फूट, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, साडी अशी चापून नेसलेली की स्कूटरवर बसायला अडचण नको, आणि पायापाशी बर्फाची पेटी. सकाळी सहाला रक्त घ्यायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न 'उपाशी आहात ना?' असा असतो. सगळ्या जगात असाच असतो. अक्कांचा पहिला प्रश्न असतो, "काल किती निजलीस?" दंडाला रबरी पट्टा आवळलेला, मूठ मिटलेली आणि सुई शिरेत गेलेली असताना बाई खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत आहे. पुरुष तेव्हाही बोलतो म्हणे, म्हणून पुरुषांना त्या विचारतच नाहीत.

माझी त्यांची ओळखही अशीच सुईच्या टोकावर झाली. बँकेनं मला सांगलीहून उचलून चेन्नईत आणून टाकलं, त्याला तेव्हा महिनाच झाला होता. घरात निम्मी खोकी उघडायची होती, शाखेत तपासणी चालू होती आणि पंचेचाळिशी ओलांडली म्हणून बँकेनं सगळ्या तपासण्या करून घ्यायला सांगितलं होतं. फॉर्मवरचं माझं आडनाव वाचून अक्का थबकल्या आणि म्हणाल्या, "मराठी का गे तू?" महिनाभरात घराबाहेर कानावर पडलेलं ते पहिलं मराठी वाक्य, मला एकदम भरूनच आलं. अक्कांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तंजावरला येऊन राहिले, आणि येताना आणलेली भाषा त्यांच्या घरानं लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवली. त्यात तमिळ मसाला मुरला, पण फोड अजून जुनीच. त्या झोपत नाहीत, निजतात. 'येते' म्हणत नाहीत, 'येतें' म्हणतात, आणि त्या शेवटच्या अनुस्वाराला नाकातून एक हेलकावा देतात. तर मी सांगितलं की काल झोपायला दीड वाजला, परवा दोन. अक्कांनी तिथल्या तिथे पट्टा सोडला.

"अय्यो! हे रक्त मी घेत नाही. हे तुझं रक्त नव्हे, तुझ्या जागरणाचं रक्त. दोन दिवस नीट नीज, मग येतें."

आणि खरोखरच सुई गुंडाळून, मला उपाशी ठेवून त्या चालत्या झाल्या. बाई ठार वेडी आहे असं मी आमच्या यजमानांना सांगितलं. दोन दिवसांनी त्या परत आल्या, रक्त घेतलं, आणि संध्याकाळी स्वतः रिपोर्ट घेऊन वर आल्या. साखर काठावर होती. मी घाबरले, तर म्हणाल्या, "भिऊ नको. काठावरची साखर नीट चाललं, नीट जेवलं, नीट निजलं तर मागं सरते कधी कधी. कधी कधी, हां. मी डॉक्टर नव्हे, मी रक्तवाली. पण पस्तीस वर्षं बायकांचं रक्त बघतें, म्हणून विचारतें." त्या दिवसापासून मी त्यांच्या यादीत गेले.

अक्कांचं शास्त्र साधं आहे. हृदय दिवसभर उभं असतं. रात्री सात तास त्याला बसायला स्टूल मिळतं, तेव्हा रक्तदाब खाली येतो. बाई तेवढंही स्टूल त्याच्याखालून काढून घेते. कारण उद्याची डाळ भिजवायची असते, मुलाचा डबा असतो, परदेशातल्या साहेबाची मीटिंग असते. मग हृदय कुरकुरतं. न निजलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी भूक सणकून लागते आणि तीही गोडाचीच, ते गोड अंगी लागतं ते नेमकं पोटावर, आणि साखर रक्तात वाट न सापडल्यासारखी हिंडत बसते. त्यात पन्नाशीच्या आगेमागे रात्री घामानं जाग येऊ लागते. घर म्हणतं, पंखा वाढव. "पुरुष घोरला तर घर त्याला डॉक्टरकडे नेतं," अक्का म्हणतात, "बाई घोरली तर घर हसतं." एकदा मी सहज 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण म्हटली, तर त्यांनी ती दोनदा म्हणायला लावली आणि मग विचारलं, "ही म्हण करणाऱ्याला रात्री कोण उठवत होतं? कोणी नाही. दगडावर निजला खुशाल, आणि बायकोनं भाकरी केली."

हे शास्त्र त्या लॅबपुरतं ठेवत्या तर ठीक होतं. पण लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, देवळाच्या रांगेत, कुठेही एखादीच्या डोळ्यांखाली काळं दिसलं की अक्का तिची हनुवटी वर करून बघतात. आमच्या इमारतीतल्या एका मुलीचं डोहाळजेवण होतं; इथे त्यात गर्भारशीला बांगड्या भरायची रीत आहे. ती बिचारी पहाटे तीनपासून उठून नटून बसलेली, पुढे चाळीस बायकांची रांग आणि हिची मान पेंगून पेंगून छातीवर. अक्कांची पाळी आली तशा त्या रांगेकडे वळल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "थांबा! राहुकाळ लागला!" चेन्नईत राहुकाळ म्हटलं की चालती घड्याळंही दचकतात. बायका मागे सरल्या, पानं मांडली गेली, अक्कांनी मुलीला आतल्या खोलीत नेऊन कुशीवर निजवलं आणि स्वतः दारात खुर्ची टाकून बसल्या. सासूनं भिंतीवरचं कॅलेंडर बघून ओरडा केला की राहुकाळ कधीच होऊन गेला. अक्का शांतपणे म्हणाल्या, "ते चेन्नईचं. आमचं तंजावरचं वेगळं." पाऊण तासानं मुलगी टवटवीत होऊन बाहेर आली आणि त्या खोट्या राहुकाळाबद्दल तिनं अक्कांचे हात घट्ट धरले, ते मी पाहिलं.

असं सगळं चाललेलं असताना मागच्या मार्गळीत अक्कांना प्रयोग सुचला. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा हा महिना इथे फार पुण्याचा. बायका पहाटे चारला उठून, न्हाऊन, दारापुढे भलंमोठं कोलम, म्हणजे आपली रांगोळी, काढतात आणि भजनाला देवळात जातात. आमच्या इमारतीत तर महिनाभर कोलमची स्पर्धा असते. रात्री झोपायची वेळ मात्र कुणीच अलीकडे आणत नाही. अक्कांचं म्हणणं, दर मार्गळीत बायकांची साखर आणि रक्तदाब चढलेला त्यांना दिसतो. लॅबच्या डॉक्टरांचं म्हणणं, दिसणारच. देवळात रोज तुपानं थबथबलेला गोड पोंगल, म्हणजे गूळभात, मिळतो तो कुठे जाईल? अक्का उसळून म्हणाल्या, "प्रसाद नवरेपण खातात! द्रोण भरून आणावा लागतो त्यांना. मग त्यांची का चढत नाही?" त्यांची चढते की नाही हे कुणी बघितलंच नव्हतं, पण वादाच्या भरात तेवढं चालायचं. अक्कांनी माझ्यासकट अकरा बायका तयार केल्या. मार्गळी लागायच्या आधी एकदा रक्तदाब मोजून रक्त द्यायचं, संपता संपता एकदा, आणि रोजची झोप तासांत सांगायची. शिवाय दोन नवरे घेतले, जे पोंगल खात पण कोलम काढत नसत. आणि प्रयोगात एक नीट झोपणारी बाई हवी, जिच्याशी बाकीच्यांची तुलना करायची, म्हणून बारावी बाई स्वतः अक्का. "मी आयुष्यभर नवाला निजतें, पाचला उठतें. आठ तास. लिही, निजणारी बाई." लिहिणारी मी, बँकेत माझा जन्म आकडे जुळवण्यात गेला म्हणून कॉम्प्युटरवर तक्ता करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

प्रयोगाचा निकाल विचाराल तर त्याचे तीन तेरा वाजले. चौघींची साखर चढली, पण त्यातल्या दोघी पोंगल घरी डब्यातून आणत होत्या. एकीची चक्क उतरली, कारण महिनाभर ती देवळापर्यंत रोज पायी गेली. एका नवऱ्यानं लाजेखातर पोंगल सोडला आणि प्रयोगच बाटवला. माझी जराशी वर गेली. मी मुकाट्यानं लिहिली. अक्कांना याचं काहीच वाईट वाटलं नाही. प्रत्येक आकड्यापुढे त्या बाईच्या घरात काय काय झालं ते त्या आठवून आठवून सांगत होत्या आणि डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. फक्त शेवटच्या ओळीशी आल्यावर त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. निजणाऱ्या बाईची साखर आधीही सगळ्यांच्या वर होती आणि नंतरही. रक्तदाबाचं तर विचारू नका.

"ही ओळ काढ गे," त्या म्हणाल्या. "मशीन बिघडलं होतं."

"अक्का, सगळ्यांचं रक्त त्याच मशीनवर तपासलंय ना?"

"काढ म्हणतें ना."

मी काढली, पण जुळत नसलेला आकडा माझ्या डोक्यातून सहजी जात नाही. त्याच सुमारास अक्कांची दाढ दुखत होती. डाव्या जबड्यात ठणका येई, जिना चढला की वाढे. दातांच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की दाढ ठणठणीत आहे, तर त्यांनी डॉक्टर बदलला. लिफ्ट बंद होती तेव्हा आमच्या तिसऱ्या मजल्यावर येताना त्या प्रत्येक वळणावर थांबायच्या आणि शेजारणीशी बोलायला थांबल्यासारखं दाखवायच्या. एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी शेंगदाण्याची चटणी देण्याचं निमित्त काढून खाली गेले आणि दार उघडंच होतं म्हणून थेट आत शिरले. इतक्या दिवसांत अक्कांनी मला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं.

हॉलमध्ये पलंगावर त्यांचे यजमान होते. काका आजारी आहेत आणि रात्रीला माणूस ठेवलाय, एवढं इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण माणूस कधी टिकलाच नव्हता. चार ठेवले, चारही महिन्याच्या आत गेले. दोन वर्षांपूर्वी काकांना पक्षाघात झाला. जन्मभर स्टेशन मास्तर म्हणून तमिळ आणि इंग्रजीत रुबाब केलेला हा माणूस. त्या झटक्यात ती दोन्ही गेली आणि उरली ती फक्त आईच्या मांडीवर शिकलेली तंजावरची मराठी. त्यांना तहान लागली, कूस बदलायची झाली, की ते मराठीत सांगत आणि ठेवलेल्या माणसाला ओ का ठो कळत नसे. मग ते चिडत, हात झाडत. मुलगा बेंगळुरूला, त्याला स्वतःलाच मराठी धड येत नाही. म्हणून रात्री दर दोन तासांनी काका "अगे" म्हणत आणि अक्का उठत. कधी पाणी, कधी कूस, आणि कधी नुसतंच, "अगे, गाडी गेली का?" "गेली हो, वेळेवर गेली," असं सांगितल्याशिवाय ते डोळे मिटत नसत. सकाळी ते गाढ झोपत, तेवढ्यात अक्का रक्ताची फेरी उरकत. अक्का नवाला निजत होत्या आणि पाचला उठत होत्या हे खरंच होतं. मधल्या वेळाचं त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणून त्यांना हसावं असं आधी माझ्या मनात आलं, मग मी हातातली चटणी खाली ठेवली.

"अक्का, ही दाढ नव्हे," मी म्हटलं. "तुम्हीच सांगता ना, पुरुषाचं हृदय छातीत दुखतं आणि बाईचं कुठेही दुखतं. जबड्यात, पाठीत, नुसत्या थकव्यातसुद्धा. चला आत्ताच्या आत्ता."

"मज काही नाही. दुपारचं यांचं जेवण आहे."

"जेवण मी भरवते. मला मराठी येते."

आमच्या यजमानांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांनी रिक्षावाल्याला त्याच्या बायकोच्या झोपेबद्दल विचारलं म्हणे. हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच तुंबली होती. त्याच संध्याकाळी तिच्यात स्टेंट बसवला. अजून थोडं उशिरा आला असता तर, असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धवट सोडलं. औषधं, पथ्य, चालणं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आणि झोप. सलग झोप. हे मी तुम्हाला सांगायला नको." अक्कांनी त्या दिवशी प्रथमच खाली मान घातली.

ते चार दिवस मी रजा काढून काकांपाशी बसले. पहिल्यांदा ते "अगे" म्हणाले आणि मी "काय हवं काका?" म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "तुझी बोली वेगळी. कुठली गे तू?" सांगलीची, म्हटलं. "लांबून आलीस," ते म्हणाले आणि पाणी प्याले. पण मी काही जन्मभर रजा काढू शकत नव्हते, आणि अक्का घरी येऊन पुन्हा दोन-दोन तासांनी उठू लागल्या असत्या तर ती तुंबलेली वाहिनी उघडून उपयोग काय? अखेर सेल्वी नावाची एक पन्नाशीची बाई सापडली, रात्रीला राहायला तयार असलेली. तिला मी काकांची मराठी शिकवली. एकूण शब्द निघाले एकोणीस. ते तिनं तमिळ अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहून पलंगाच्या कडेला टांगले. पाणी, कूस, ऊन, गार, पांघरूण, दुखतें, पुरे. "गेली हो, वेळेवर गेली" हे वाक्य तिला यायला तीन दिवस लागले, पण आलं तेव्हा असं आलं की काकांनी ताबडतोब डोळे मिटले. अक्का आतल्या खोलीत दार लावून निजल्या. पहिले काही दिवस "अगे" ऐकून धडपडत बाहेर यायच्या आणि सेल्वी त्यांना परत आत घालवायची. मग एका सकाळी त्या वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "साडेसहाला उठलें! मध्ये एकदाही नाही!" आम्ही त्यांना साखर न घालता कॉफी दिली. पुढच्या तीन-चार महिन्यांत त्यांचा रक्तदाब खाली आला, साखरही थोडी मागे सरली. हे औषधानं झालं की झोपेनं, यावर त्या लॅबच्या डॉक्टरांशी अजून भांडतात.

यंदाच्या दिवाळीनंतर काका गेले, दुपारी, जेवून पडल्या पडल्या. सेल्वीनं पुठ्ठा काढून अक्कांच्या हातात दिला आणि ती दुसऱ्या घरी कामाला लागली. आता अक्कांना रात्री कुणी उठवत नाही. आठ काय, दहा तास निजायला त्या मोकळ्या आहेत. आणि रक्तदाब पुन्हा वर सरकू लागलाय. मला हे कळलं, कारण त्यांनी स्वतःच सांगितलं. आता त्या माझ्यापासून ओळ लपवत नाहीत.

"नीज लागत नाही गे," त्या म्हणाल्या. "घरात मराठी उरली नाही. फोनवर मुलगा तमिळ बोलतो, नात इंग्रजी. फार गप्प झालं घर."

रात्रीचं मला काही करता येत नाही. आमच्याकडे राहायला या म्हटलं तर आपलं घर सोडून येत नाहीत. पण शनिवारी-रविवारी दुपारी त्या वर येतात, कोचावर पाय घेऊन बसतात, उशी कानशिलाखाली सरकवतात आणि म्हणतात, "बोल काही." काय बोलू, विचारलं तर म्हणतात, काहीही. मग मी बोलते. कृष्णेच्या पुरात आमच्या गल्लीत होडी आली होती ते सांगते, हळदीच्या मोसमात सगळ्या गावाला येणारा वास सांगते, शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाई सुई दातात धरून कशा रागवायच्या ते सांगते, आणि काहीच सुचलं नाही तर आज भेंडीची भाजी कशी केली ते अथपासून इतिपर्यंत सांगते. पाच-सहा मिनिटांत अक्कांचे डोळे मिटतात, तोंड जरासं उघडतं, छाती सावकाश खालीवर होऊ लागते. मी थांबले की पापण्या हलतात. आमचे यजमान दारातून चहाची खूण करतात. मी हातानं नको म्हणते, आणि भेंडी संपली असेल तर वांग्यावर येते.